गोड्या पाण्याचे मामा

माझं काम काय आहे ते जेवणाच्या पंगतीत सांगता येत नाही. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलनीत कुणी विचारलं की आई घाईघाईनं मध्ये पडते आणि म्हणते, "ती पाण्यावर काम करते." अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ते पाणी माणसाच्या पोटात गेल्यावर तिथल्या जिवाणूंचं काय होतं ते मी बघते. आणि पोटात काही शिरता येत नाही, म्हणून पोटातून जे बाहेर पडतं ते डबीत भरून आणते. आता हे आईनं भिशीच्या बायकांना कसं सांगावं?

डब्या न्यायच्या म्हणजे बर्फ हवा, बर्फ हवा म्हणजे थर्माकोलचा डबा हवा. हा डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं बोथ्याचा घाट उतरते, खामगावला गाडी बदलते, शेगावला पुन्हा बदलते. एकदा कंडक्टरनं विचारलं, "म्याडम, कुल्फी हाये का?" मी म्हटलं, "नाही हो, नमुने आहेत." तो म्हणाला, "मंग एक दाखवा तं खरं." मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि वरवट बकाल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. तो रुसला असावा. उतरताना सुटे परत द्यायला त्यानं फार वेळ लावला.

वरवट बकालच्या पुढे ज्या गावात मी जाते त्याचं नाव सांगणार नाही. तिथल्या पोरांची लग्नं व्हायची आहेत अजून. का ते पुढे येईलच.

आमच्या जिल्ह्यात माणसं आधी घाटावरची आणि घाटाखालची अशी वाटली जातात. घाटाखाली उतरून पूर्णेच्या अंगाला गेलं की खारपाणपट्टा लागतो. जमीन काळी, कापूस बरा येतो, माणसं झ्याक. पण बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात मीठ आहे, चुना आहे, शेतातल्या खतातून झिरपलेलं नायट्रेट आहे, आणि आणखी काय काय आहे ते शोधायचं हेच माझं काम. आपल्या आतड्यात जिवाणूंचं एक अख्खं गाव नांदतं. रोज असं पाणी पोटात गेलं तर त्या गावातले कोण टिकतात, कोण गाव सोडतात, आणि त्यामुळे माणसाचं पोट का कुरकुरतं, हा माझा प्रश्न. माझा अंदाज असा होता की खारं सोसणारे जिवाणू इथल्या पोटात गर्दी करून असणार. अंदाज सिद्ध करायला डब्या लागतात, आणि डब्या मागायला तोंड लागतं. तोंड माझं आहे. आई म्हणते, नको तेवढं आहे.

गावात मला पहिल्यांदा घरात घेतलं ते काकूंनी. काकू पंचावन्नच्या आसपास, ठेंगण्या, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत. माहेर धामणगाव बढेचं, म्हणजे मोताळ्याकडचं, गोड्या पाण्याचं. घरात काका, जे दर प्रश्नाला "हाव" म्हणतात आणि पुन्हा शेताकडे जातात, आणि एक मुलगा. मुलाची छोटी टेम्पोगाडी आहे. शुद्ध पाण्याचे कॅन भरून तो गावोगाव घरपोच देतो. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि काकूंच्या डोक्यात दिवसरात्र तेवढी एकच गोष्ट.

"पोरगं निर्व्यसनी हाये, शेती हाये, गाडी हाये," काकू पहिल्याच भेटीत मला सांगत होत्या, जसं काही मीच मुलीकडची. "पाहुणे येतात, सगळं पसंद करतात, आन् निघता निघता विचारतात, पाणी कसं हाये? झालं! मंग फोन येत नाई."

"खारं आहे म्हणून मुलगी देत नाहीत?"

"कोन देईन वो बाई? पोरीले काय हंडे वाहाले पाठोतात का लोकं? आन् पोटाचं दुखनं येगळंच."

त्या घरात पाण्याची रीत मोठी गमतीची होती. कॅनचं पाणी पाहुण्यांना आणि चहाला. घरची माणसं बोअरचंच पितात. मुलगा दिवसभर लोकांना गोडं पाणी वाटतो आणि घरी येऊन माठातलं खारं पितो. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "ते कॅनचं फिकं लागते, तहान नाई जात त्याच्यानं." गावातली बरीच म्हातारी माणसं हेच सांगायची. पण सुनेसाठी म्हणून कोपऱ्यात एक वेगळा फिल्टर आधीच घेऊन ठेवलेला होता, प्लास्टिकही न काढता. सून यायची होती अजून.

ग्रामसभेत मी भाषण ठोकलं. मी बोलायला उभी राहिले की मला आवरणं अवघड जातं. जिवाणू म्हणजे काय, डबीत नमुना कसा घ्यायचा, झाकणाला चमचा का असतो, सगळं सांगितलं. चमच्याला लोक हसले, मी पण हसले. आणि शेवटी जोशात म्हणाले, "कुणाचंही नाव बाहेर येणार नाही. पण गावाचं पोट कसं आहे ते मी गावासमोर मांडीन. तालुक्यालाही कळवीन. पाण्यासाठी भांडायला कागद हातात पाहिजे की नाही?" टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकलं.

काकूंनी गल्लीतल्या बायका जमवल्या, घरोघर डब्या पोचवल्या. ठरलेल्या सकाळी मी दारोदार फिरून गोळा केल्या. सगळ्यांनी इतक्या वेळेवर, इतक्या निगुतीनं दिल्या की मला भरून आलं. एका घरून तर डबी फडक्यात गुंडाळून, वर झेंडूचं फूल खोचून आली. कशासाठी फूल, मी विचारलं नाही. त्या दिवसांत काकूंकडे त्यांचे धाकटे भाऊ मुक्कामाला होते. धामणगावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. पोटाचा घेर दांडगा, हसणं त्याहून दांडगं. भाच्यासाठी एक स्थळ घेऊन आले होते. ते स्थळ पुढे बारगळलं, नेहमीच्याच कारणानं. मामांनी मला ओसरीवर बसवून पाऊण तास बियाण्याच्या भावावर ऐकवलं आणि मधूनच सांगितलं, "म्याडम, यंदा तुमचा रिपोर्ट एकदम फर्स्टक्लास येईन, पाहा." मला वाटलं, किती आस्था आहे माणसाला.

नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल आला. तो असा येतो की प्रत्येक माणसाची एक रंगीत पट्टी असते. कुठला जिवाणू किती, त्याचा एकेक रंग. कुणाचीही पट्टी दुसऱ्यासारखी नसते, सख्ख्या भावाभावांचीही नाही. मी चहा घेऊन बसले आणि पट्ट्या बघायला लागले. एक, दुसरी, तिसरी. मग चहा खाली ठेवला. गल्लीतल्या पाच घरांतल्या पाच माणसांच्या पट्ट्या हुबेहूब एक. आणि त्या पाचांत खारं सोसणारे जिवाणू नावालाही नाहीत. बाकी गावात माझा अंदाज बरोबर निघत होता आणि या पाच घरांत जणू कुणी खारं पाणी चाखलंच नव्हतं.

डोकं सटकलं माझं. लावला पुण्याला फोन. तिकडचा मुलगा फार गोड बोलणारा.

"मॅडम, नमुने तुमच्याकडूनच मिसळले गेले नसतील ना?"

आता, मी चिडले की माझं प्रमाण मराठी घाट उतरतं. "मी काय भेळ करून राह्यली का?" म्हटलं. "काऊन मिसळीन मी?"

मग तो म्हणाला, "पुन्हा तपासून बघतो." बिचाऱ्यानं खरंच पुन्हा तपासलं. निकाल तोच आला. पाच डब्या, पोट एक.

मी ती पाच घरं डोळ्यांसमोर आणली. काय सारखं होतं त्यांच्यात? शेती कमीजास्त, जेवणखाण वेगवेगळं, बोअर वेगवेगळे. मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विचार करत बसले होते, शेजारी कुणीतरी भाचीच्या लग्नाची पत्रिका वाटत होतं. पत्रिका हातात घेतली आणि माझी ट्यूब पेटली. पाचही घरांत लग्नाचे मुलगे होते!

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडली. वाटेत भांडणाची वाक्यं जुळवत गेले. काकूंच्या दारात पोचते तो काय, अंगण सारवलेलं, दाराला नवा पडदा, ओसरीवर सतरंजी, आणि कोपऱ्यात कॅन ओळीनं उभे. मी थेट स्वयंपाकघरात गेले. काकू पोह्यांचा कांदा चिरत होत्या.

"काकू, पाच घरच्या डब्यांत एकाच माणसाचं कसं आलं?"

काकूंचा हात थांबला. डोळे कांद्यानं आधीच भरलेले. "अवं माय," एवढंच म्हणाल्या.

"कुणाचं होतं?"

"हळू बोला ना बाई. पाहुणे येऊन राह्यले आज. घर पाहाले. रोहिणखेडचे. पोराले पोरगी पसंद हाये, आमाले पसंद हाये. एवढं होऊ द्या, मंग मले काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"कुणाचं होतं, काकू?"

मागून खाकरण्याचा आवाज आला. दारात मामा उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. चेहऱ्यावर शरम नावाला नाही. उलट, कर्तबगारी गाजवल्यासारखे म्हणाले, "माहं होतं, म्याडम. पाचही घरचा भार मी एकट्यानं उचलला."

जुळवून आणलेली भाषणं बाजूला ठेवून मी पाटावर बसले.

"तुमी ग्रामसभेत काय बोल्ले?" मामा तिथंच उंबऱ्यावर बसत म्हणाले. "गावाचं पोट गावासमोर मांडीन, तालुक्याले कळवीन. इथल्या बायाईचं धाबं दणानलं ना! आधीच पाण्याचं नाव खराब. त्यात पोटंबी खराब हाये असा सरकारी कागद निघाला, तं पोरं जलमभर बिनलग्नाचेच राह्यतीन. मंग म्हटलं, मी गोड्या पाण्याचा मानूस इथी बसलो हाये ना. दोन दिवस पपई खाल्ली, ताक पेलं, कमी पडू देलं नाई कोनाले."

आता रागवावं की हसावं? मी रागवले. कडाकडा बोलले. इतक्या महिन्यांची मेहनत, पुण्याचे हेलपाटे, आणि मुख्य म्हणजे तुमच्याच पाण्याचं खरं कळू नये यासाठी तुम्हीच धडपडलात, कमाल आहे तुमची! मामा मान डोलवत ऐकत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाला बोलते आहे. मध्येच मला ती झेंडूच्या फुलाची डबी आठवली आणि माझं वाक्य फुटलं. हसू आवरेना. पदराआड काकूही हसल्या. मामा तर गदगदा हलत होते.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मला मागच्या दारानं निघता आलं असतं, पण काकूंनी पोह्यांची ताटली माझ्या हातात कोंबली आणि दंडाला धरून ओसरीवर आणून बसवलं. "कालेजातल्या म्याडम हायेत, घरच्यासारख्या," अशी ओळख झाली. मुलीचे वडील, मुलीची आई आणि मुलीचे एक चुलते, असे तिघं आले होते. वडील पोस्टातले कारकून, नीटनेटके. आई गप्प, पण नजर घरभर फिरत होती. न्हाणीघर, चूल, गॅस, दोरीवरचे कपडे, सगळं बघून झालं. मुलगा नवा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. फोनवर त्याचं त्या मुलीशी आठवडाभर बोलणं चालू होतं, हे मला काकूंनी पोहे देतानाच कानात सांगितलं होतं.

पाणी आलं. काचेचे ग्लास. वडिलांनी घोट घेतला आणि भुवया वर केल्या. "पानी तं गोड हाये! आमी ऐकलं होतं, इकडे लय खारं."

"लोकं काई बी सांगतात," मामा म्हणाले. "गोडच हाये. प्या ना."

काकांनी "हाव" म्हटलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. सगळं पार पडलंच होतं म्हणा ना. वडिलांनी साखरपुडा कुणाकडे करायचा असा विषयही काढला. आणि मग मुलीची आई पहिल्यांदा बोलली, तीही माझ्याशी.

"म्याडम, तुमी कायच्या हो?"

"सूक्ष्मजीवशास्त्राची."

मामांना राहवलं नाही. "पाण्यावर लय मोठं संशोधन हाये म्याडमचं. पाणी आन् पोट."

त्या बाईनं ग्लास खाली ठेवला. "मंग तुमीच सांगा. इथल्या पाण्यानं माह्या पोरीच्या पोटाले काई होनार तं नाई ना?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खरं बोलवेना. माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या तोंडून काय निघालं असेल? "तसं पाहिलं तर अभ्यास अजून चालू आहे, बऱ्याच गोष्टींवर ते अवलंबून..." असलं काहीतरी गुळमुळीत. सरकारी पत्रासारखं. मुलीची आई वाट बघत राहिली.

ट्रे खाली ठेवल्याचा आवाज झाला. काकू आत गेल्या आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आल्या. तो त्यांनी मुलीच्या आईपुढे ठेवला.

"तुमी पेल्या ते कॅनचं हाये," काकू म्हणाल्या. "आमी पेतो ते हे. घोटभर घ्या."

"ताई!" मामा ओरडले.

त्या बाईनं भांड्यात ओतून घोट घेतला. गिळला. तोंड वाकडं केलं नाही तिनं, पण डोळे मिटले.

"मी धामणगावची," काकू म्हणाल्या. आवाज गल्लीभर जाणारा तो नव्हताच. "माहा बाप हे घर पाहाले आला होता, इथीच बसला होता. त्याले दुसऱ्या गावाहून बैलगाडीवर आनलेलं पानी पाजलं. बाप घरी येऊन म्हने, पानी साखरेसारखं हाये. हा माहा भाऊ, हा बी होता संग. लहान होता. यानं बी तेच पेलं." मामांनी मान खाली घातली. "मले इथी आल्यावर कळलं. पहिल्या वर्सी डाळ शिजेना माही. सासू म्हने, पोरीच्या हाताले गुन नाई. वर्सभर मी रोज कच्च्या डाळीचे बोल खाल्ले. पान्यात दोष हाये असं मले एकीनंबी नाई सांगतलं. सगळ्याईले मालूम होतं."

मग म्हणाल्या, "तुमची पोरगी लेकीसारखी ठेवीन. कॅनचंच पाजीन तिले. पन हे लपवून नाई आनू शकत तिले."

मग माझीही जीभ सुटली. खरं तेवढं सांगितलं. पाण्यात काय आहे, पोटावर काय दिसतंय, काय अजून ठाऊक नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला शुद्ध पाणी वापरलं तर फरक पडेल, हेही सांगितलं. पण ते कुणी ऐकत होतं की नाही कोण जाणे. वडील घड्याळ बघत होते. "कळवतो," म्हणाले. निघताना मुलीची आई मागे राहिली. मुलाकडची बाई मोठी, मुलीकडची लहान, ही आपल्याकडची रीत, तशी ती वाकायला गेली, तर काकूंनी तिला मध्येच धरलं आणि दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू येत होतं.

गाडी गेली. मुलगा भिंतीपासून हलला नव्हता. "आई, काऊन केलं वं असं?" एवढंच म्हणाला. मग त्यानं नवा शर्ट काढून खुंटीला अडकवला, जुना घातला, कॅन गाडीत चढवले आणि फेरीला निघून गेला. मामा सतरंजीवर बसून होते. त्यांच्यापुढचे पोहे तसेच.

"मले खरंच आठवत नाई वो ताई, पानी कसं होतं ते," ते शेवटी म्हणाले. काकू ताटल्या गोळा करत राहिल्या.

काही दिवसांनी रोहिणखेडहून निरोप आला. मामांच्या मार्फत, फार सभ्य शब्दांत. पोरीचं अजून शिकायचं चाललंय, असा. नकार होता.

मी परत गेले ती नव्या डब्या घेऊन. या वेळी गल्लीत कुणी आढेवेढे घेतले नाहीत. काकूंनी ओसरीवर जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, आणि आता लपवायचं उरलं काय होतं? पाचही घरांनी आपापल्या पोटाचं आपापलं दिलं. त्यांच्या पट्ट्या आता बाकी गावासारख्याच निघाल्या आहेत, खारं सोसणाऱ्यांची गर्दी आहेच. तो कागद घेऊन मी तालुक्याला तीनदा भांडून आले आहे, आणखी जाईन. भांडायला मला आवडतं.

डब्या गोळा केल्या त्या दिवशी काकूंनी तीन दिल्या. काकांची, स्वतःची आणि मुलाची. मुलाची देताना म्हणाल्या, "मांगाले भीत होती मी. पन न बोलता ठेवून गेला सकाळी." महिना झाला तरी तो आईशी कामापुरतंच बोलत होता.

मी डब्या बर्फात लावत होते. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलावेत. म्हटलं, "काकू, तुम्ही केलंत ते फार मोठं केलंत. पस्तावू नका."

"पस्तावा होते ना बाई," काकू चटकन म्हणाल्या. "काऊन नाई होईन? रोज होते. पोरगं ताटावरून मुकाट उठते ना, तवा होते." त्या खाली बसल्या, गुडघ्यावर हात दाबून. "आमी तिले पाहाले गेलतो तवा सगळे सतरंजीवर बसले. मी बी बसाले लागली. तं ती पोरगी चहा घेऊन आली, माह्याकडे पाह्यलं, ट्रे खाली ठेवला, आन् आतून खुर्ची घेऊन आली. म्हने, आत्या, तुमी खाली नका बसू, तुमचे गुडघे दुखत असतीन. कोनी सांगतलं नव्हतं तिले."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"लय चांगली पोरगी होती वो बाई."